निर्दोष लेबलाची बाटली

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीये, तेव्हा सध्या उभ्यानेच). तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला थांबला का? कंबर सोडली तर मी ठणठणीत आहे. फक्त केस जाताहेत, आणि ते तुला ठाऊक आहेच, कारण आबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या फोटोसाठी ‘डोक्याला रुमाल बांध आणि मागच्या रांगेत उभी राहा’ असं तूच कळवलंस. तर ऐक. मी पहिल्या रांगेत बसणार, आबांना खेटून, उघड्या डोक्याने!

‘आधी रक्त तपास, बाजारातल्या बाटल्यांच्या नादी लागू नकोस’ हेही तूच लिहिलंस. औषधांचं दुकान तुझं म्हणून सगळी अक्कल तुझ्याच कपाटात काय रे? बावीस वर्षं मी छापखान्यात लेबलांची प्रुफं तपासतेय. घटकांच्या यादीत मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. तेव्हा भिंग घेऊन मी थेट दुकान गाठलं. पहिल्या बाटलीवर पुढे गुडघ्यापर्यंत केसांची बाई आणि मागे नुसतं ‘खास गुप्त मिश्रण’, कशाचं प्रमाण किती याचा पत्ता नाही. दुसरीत सगळ्यात आधी साखर (जे जास्त ते यादीत आधी लिहितात, हे तुला माहीत असेलच, नसेल तर दुकान बंद कर). तिसरीत सव्वीस घटक, प्रत्येक चिमणीच्या चोचीएवढा. दुकानदाराने आधी मला बसायला स्टूल दिलं आणि तासाभराने काढून घेतलं, तरी मी हटले नाही. शेवटी सापडली! लोह, जस्त, बायोटिन, प्रत्येकापुढे मिलिग्रॅम, एक वेलांटी चुकलेली नाही. इतकं नेटकं लेबल मी जन्मात पाहिलं नव्हतं. तीन बाटल्या घेतल्या, तीन महिने नेमाने गोळ्या खाल्ल्या. नखं तेवढी वाढली.

गेल्या सोमवारी त्याच लेबलाची नवी आवृत्ती माझ्या टेबलावर आली, सोबत जुनं प्रूफ. त्याच्या तळाशी सही माझी. म्हणजे त्या लेबलातल्या चुका काढून ते नेटकं केलं मी, आणि त्याच्यावर भाळलेही मीच. यादी मी तपासली होती, बाटलीत काय भरलं ते मला कोणी दाखवलं नव्हतं. पण म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. लेबल निर्दोष होतं, यावर मी आजही ठाम आहे.

वहिनीला नमस्कार. तुला कसाबसा.

तुझी
धाकटी

ता. क. रक्त तपासलं. जे लोह लेबलावर होतं ते रक्तात नाही. हसू नकोस. तुझ्याकडच्या गोळ्या पाठव, पण लेबल खरवडून, नाहीतर मी वाचत बसेन.

आणखी एक. पहिल्या रांगेत एकटीने बसायचा मला धीर होत नाहीये. तुझी ती टोपी (दहा वर्षं घरातसुद्धा न उतरलेली) काढून तूही ये. आबांना मध्ये घेऊ. त्यांच्या डोक्यावर कधीचं काही नाही, आणि त्यांनी आपल्याला कधी मागे उभं केलं नाही.