दुसऱ्यांदा विचारणारं व्हायोलिन

ब्रॉसार्ड, रविवार, १८ जानेवारी २००९

वरून घरमालकीण काकूंनी हाक मारली, "जेवतोस का रे?" सवयीने म्हणालो, "नको, काकू." आपल्याकडे दुसऱ्यांदा विचारतात ना! त्या "ओके" म्हणाल्या आणि मी राहतो त्या बेसमेंटचं दार लागलं. इतकी वर्षं कॅनडात, विसरल्या असतील. भूक तर लागलीय. आता वर कसं जाऊ?

वरच्या काकांनी दिलेली सीडी लावलीय. कुणी जुना इटालियन संगीतकार. कव्हरवर लिहिलंय, म्हातारपणी कामासाठी परक्या शहरात गेला, भाड्याच्या खोलीत मेला. त्याला कुणी जेवायचं विचारलं असेल? मला तरी या फ्रेंच बोलणाऱ्या गावात फ्रेंच येत नसताना कोण काम देणार... जाऊ दे.

व्हायोलिन एक संथ ओळ वाजवतं, थांबतं, तीच पुन्हा वाजवतं. दुसऱ्यांदा विचारल्यासारखी.

मी मोठ्याने म्हणालो, "हो, वाढा."