जाड तारा माझ्या, बारीक तुझ्या

नांदेड
९ नोव्हेंबर २०२५

चि. अमरनाथ यास,
अक्काचा आशीर्वाद. शरणु शरणार्थी. वि. वि.

फोन तू उचलत न्हाईस. सिंधु उचलती आन म्हणती, झोपलेत. भर दिवसा कोण झोपतं रे? म्हणून पत्र लिहून राहिले. माझी शाळा चौथीपर्यंत, वेलांट्या चुकल्या तर तुझ्या तू सुधरून घे.

हात कसा हाय ते सरळ लिही. डाळमिलच्या पट्ट्यात हात गेला तवा तू म्हणलास, दिवाळीपर्यंत बोटं हालतील. दिवाळी झाली. फराळाचा डबा पोचला का न्हाई तेबी तू कळवलं न्हाईस. शंकरपाळी जरा करपली होती, मला ठाव हाय, पण दात पडण्याइतकी न्हाई.

आता कामाचं. मठातले गुरुपादप्पा कबूल झाले. महाशिवरात्रीला भजन झाल्यावर आपण दोघांनी गिटारी घेऊन बसायचं. इतकी वर्षं म्हणायचे, ते इंग्रजी बाजं मठात नको. परवा माझ्या भाकरी केंद्रावर भाकरी न्यायला आले आन विचारलं, कुणापाशी शिकलात. मी म्हणलं, कॅसेटीपाशी. फारूकभाईच्या रेडिओ दुकानात कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलेली गिटार आन तिच्यासंगं ती कॅसेट, वर नाव न्हाई गाव न्हाई. फारूकभाई म्हणले, ही कंट्री हाय, अमेरिकेतल्या खेड्यातलं वाजवणं. तर आपल्या अण्णांनी दारू समजून कॅसेट हुंगली होती. हे ऐकून गुरुपादप्पा लई हसले.

मग त्यांना सगळंच सांगितलं. टेपात उतरलेले सेल घालायचे, म्हंजे टेप रेंगाळत चालायचा आन एकेक सूर सुटा ऐकू यायचा. आवाज खाली जायचा म्हणून आपणबी तारा ढिल्या करायचो. कॅसेटीत दोन माणसं. जाड तारांवर थोरला, एकसारखा चालणारा. बारीक तारांवर धाकटा, उड्या मारणारा. थोरल्याचं मी घेतलं, धाकट्याचं तू. दुसरी गिटार बँडवाल्याकडनं आणली, ती तुझ्यापाशी हाय. ती पुसून ठेव आन आठ दिवस आधी इकडं ये. तुला लातूरला जाऊन लई दिवस झाले, हात बसवायला लागंल.

माया पातळ होऊ देऊ नकोस. उत्तर धाड.
तुझी अक्का,
रुद्राणी


लातूर
२४ नोव्हेंबर २०२५

ती. रुद्राणी अक्का हिस,
अमरनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताचं आहे.

डॉक्टरांनी श्रावणातच सांगितलं होतं. कोपराजवळ शिरा तुटल्या आहेत, मनगटाच्या खाली हातात पुन्हा जीव येणार नाही. मी तुला दिवाळी सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीनं येऊन डॉक्टरांशी भांडली असतीस. दिवाळी म्हटलं की थोडी उसंत मिळेल असं वाटलं. फोन घेत नाही तेही त्यामुळंच. तू विचारणार आणि माझ्यानं तुझ्याशी खोटं फार वेळ बोलवत नाही.

हात दिसायला आहे तसाच आहे. गरम कप लागला तरी कळत नाही. शर्टाची बटणं सिंधु लावते. मालकांनी मिलच्या गेटवर बसवलंय, गाडी आली की डाव्या हातानं दार उघडतो.

गिटार कपाटामागं आहे. तारा सैल करून ठेवल्या आहेत. गुरुपादप्पांना माझ्या वतीनं नाही म्हणून सांग.

शंकरपाळी चांगली होती. सिंधुला त्यातली करपलेलीच आवडली.

राग आला तरी माझ्यावरचा जीव कमी करू नये.
तुझा,
अमरनाथ


नांदेड
१२ डिसेंबर २०२५

चि. अमरनाथ यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी परातीत इतकं पीठ मळलं की संध्याकाळपर्यंत पुरलं. डॉक्टरांशी भांडले असते हे खरं हाय. तुझ्याशीबी भांडणारच हाय, पण आज न्हाई. आज येगळंच सांगायचं हाय.

मला वाटलं, ती कॅसेट कुणाची ते तरी कळावं. फारूकभाईंकडं घेऊन गेले. त्यांना आता कमी दिसतं, दुकान लेक अलीझा बघती. तिनं टेपात नवे सेल घातले, जवळ मोबाईल धरला, आन मोबाईलनं माणूस काढून दिला. त्याचं वाजवणं बी दाखवलं. वाळका म्हातारा, डोक्यावर टोपी, लाकडी खुर्चीत बसलेला. सुरू झालं आन मी ओळखलं, आपलंच हाय, फक्त पळत होतं.

मी अलीझाला म्हणलं, दुसरा कुठं हाय, धाकटा. ती म्हणली, दुसरा कोणी न्हाई. मी मोबाईल तिरपा करून बघितला, कडेला बसला असंल म्हणून. ती हसली. मग मी त्याच्या हाताकडं बघितलं. अंगठा जाड तारांवर आपलं आपलं चालून राहिला होता आन बोटं बारीक तारांवर. एकाच हाताची. अमरनाथ, तो एकटाच हाय. आपण एका माणसाचे दोन केले.

फारूकभाईंना विचारलं, तुम्हाला ठाव होतं का. ते म्हणले, त्यांनाबी दोनच वाटले होते.

म्हाताऱ्याचं नाव अलीझानं सांगितलं, मी ध्यानात ठेवलं न्हाई. आता ठेवून काय करू. पण मी ठरवलंय. एकाचं काम हाय तर एकानं करता येतं. तुझं मी वाजवते, माझंबी मी वाजवते. गुरुपादप्पांना न्हाई म्हणणार न्हाई. तू नुसता येऊन पुढं बस आन चुकलं की तोंड वाकडं कर, नेहमीसारखं.

सिंधुला सांग, तुझ्या हाताला तेल लावत जाय, कळत नसलं तरी.
मनात जागा ठेव.
रुद्राणी


लातूर
२ जानेवारी २०२६

ती. अक्का हिस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र सिंधुला वाचून दाखवलं. तू मोबाईल तिरपा केलास तिथं ती खूप हसली, मीही हसलो.

आपली चूक होणारच होती. मठात भजनाला नेहमी दोघं. एक जण एकतारी धरून बसणार, दुसरा गाणार. एकच माणूस दोन्ही करतो हे आपल्याला कुठून सुचणार.

शिकायचंच असेल तर एक लक्षात ठेव. धाकटा थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकत नाही. तो दोन पावलांच्या मधे उडी मारतो. पहिलं बोट जवळच्या तारेवर, मधलं शेवटच्या. अंगठ्याकडं बघू नकोस, तो आपोआप चालला पाहिजे. उतरलेले सेल घाल. नव्या सेलांवर घाई होईल आणि तू आधीच घाईची.

मी येणार नाही. रागानं म्हणत नाही. एकट्याला जमतं तेच बरं. माझा हात गेला म्हणून काही अडलं, असं मला वाटत होतं. तसं काही नव्हतं हे कळलं. आता गिटार विकून टाकावी म्हणतो, कपाटामागं ओल येते.

आठवण ठेवावी, एवढंच मागणं.
तुझा,
अमरनाथ


नांदेड
१७ फेब्रुवारी २०२६

चि. अमरनाथ यास,
आशीर्वाद. शरणु शरणार्थी. वि. वि.

जमलं न्हाई. आधी हेच लिहिते, म्हंजे तुला पत्रभर वाट बघायला नको.

तू सांगितलं तसं सगळं केलं. उतरलेले सेल फारूकभाईंनी जपून ठेवले होते, ते घातले. भाकऱ्या झाल्या की बसायचे. भाकरी थापताना एक हात थापतो, दुसरा फिरवतो, तिथं काही अडत न्हाई. इथं बोट उचललं की अंगठा थांबतो. बोट ठेवलं की चालतो. मी शिव्या दिल्या, डोळे मिटले, अंगठ्याला चिंधी बांधून बघितली. तरी थांबतोच. मग कळलं, त्याला तशीच सवय हाय. माझा अंगठा इतकी वर्षं तुला ऐकत चालला. तू उडी मारलीस की त्यो पाऊल टाकायचा. आता उडी मीच मारते तर त्याला कळंना, कुणाचं ऐकायचं. त्या म्हाताऱ्याला एकट्याला येतं, येऊ दे. आपण त्याच्यापाशी एकट्यानं वाजवायचं शिकलोच न्हाई. काही अडलं न्हाई म्हणतोस? येऊन बघ.

शिवरात्रीला गेले. न्हाई म्हणायचं होतं, पण गुरुपादप्पांनी भजनानंतर सगळ्यांदेखत नाव घेतलं. बाया सरकून बसल्या. सतरंजीवर माझ्या डाव्या अंगाला जागा सोडली होती, कुणी बसाया लागलं तर मी म्हणलं, तिथं नको. मग मी माझंच वाजवलं. थोरल्याचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक पाऊल चुकलं न्हाई. जिथं जिथं तू असायचास, तिथं तेवढी जागा मोकळी ठेवली. मला तर त्या जागेत ऐकू येऊन राहिलं होतं. बाकीच्यांना काय ऐकू येणार.

गिटार विकू नकोस. वाजवायची न्हाई, ठाव हाय. तरी ठेव. ओल येती तर कपाट सरकव, डाव्या हातानं सरकतं.

संपल्यावर मी गिटार मांडीवरनं उतरवली. कुणी हाललं न्हाई, सगळे माझ्याकडं बघत होते. गुरुपादप्पा लई मायेनं म्हणले, "तारा लावून झाल्या वाटतं. आता वाजवा, बाई."

मी म्हणलं, "झालं वाजवून."

तुझी अक्का,
रुद्राणी