चढावर बंद पडणारी गाडी

३ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७ वाजून ४० मिनिटं.
मिशनच्या शाळेखालचा चढ चढत होतो. दुसरा गिअर, मागे नीरफणसाची पोती. गाडी बंद पडली. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही — म्हातारा माणूस बोलता बोलता झोपी जावा तशी. टाकी अर्धी भरलेली. काटा मी स्वतः पाहिला.

वीस मिनिटांनी आपोआप चालू झाली. तेवढ्या वेळात अर्धी वाडी शेजारून गेली. ‘रेन्सली, ढकलू का?’ ‘रेन्सली, गुआममध्ये काय हीच उरली होती?’ शाळेशेजारची म्हातारी तर म्हणाली, ‘डुक्कर घेतलं असतंस तर बंद पडल्यावर खाता तरी आलं असतं!’

दोन वर्षं गुआममध्ये सिमेंट कालवून ही पिकअप घेतली. जुनी, पण रंग चांगला आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार
योसुओ मेकॅनिक म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी. म्हटलं, खात्री आहे? म्हणाला, ‘या पोनपेई बेटावर कशात पाणी नाही?’ फिल्टर बदलला.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
पुन्हा. त्याच चढावर.

११ ऑक्टोबर, बुधवार
गुआमहून मामेभाऊ दोमिंकोचा फोन. गाडीच्या जुन्या मालकाच्या नावाने कंपनीचं पत्र आलंय. तो टेक्सासला निघून गेला, म्हणून शेजाऱ्याने दोमिंकोला दिलं. दोमिंकोने वाचून दाखवलं, मी शब्द न् शब्द उतरवून घेतला: ‘टाकीतील पंप सदोष आहे. वाहन चालू असताना पूर्वसूचनेशिवाय बंद पडू शकते. दुरुस्ती विनामूल्य केली जाईल. दुरुस्तीचे भाग सध्या उपलब्ध नाहीत. उपलब्ध झाल्यावर कळवू.’

पत्रावर गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीची तारीख आहे.

म्हणजे माझी चूक नाही! हे मी तीनदा वाचलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
कोलोनिया शहरात कंपनीच्या एजन्सीत गेलो. खिडकीत मर्लेन म्हणून बाई बसते.
‘पत्र आणलंस?’
‘ते गुआमला आहे.’
‘गाडी कुणाच्या नावावर?’
‘माझ्या.’
‘कंपनीच्या यादीत दुसऱ्याचं नाव आहे. त्यालाच यावं लागेल.’
‘तो टेक्सासला आहे.’
तिने यादीत माझं नाव पेन्सिलने लिहिलं. म्हणाली, पंप आले की बोलावू, तोवर गाडी चालवायची नाही, धोका आहे.
‘मग बोलावल्यावर आणायची कशी?’
‘चालवत आण.’

संध्याकाळी पपांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ते काठीला टोक काढत होते. हात थांबला.
‘म्हणजे कधी बंद पडेल ते सांगता येत नाही?’
‘नाही.’
‘कंपनीनेच तसं लिहिलंय?’
‘हो. छापून.’
‘मग घाई करू नकोस. फुकट करून देतायत तर थांबावं माणसाने.’

पपा आजपर्यंत कशासाठीच थांबलेले मी पाहिले नाहीत.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
सरदारांच्या वार्षिक मेजवानीचा दिवस ठरला. १८ नोव्हेंबर, शनिवार. झोप उडाली.

गेल्या वर्षी मेजवानीच्या घरात, सगळ्यांसमोर, सरदारांनी विचारलं होतं — ‘कासियानो, पुढच्या खेपेला काय आणतोस?’ पपा म्हणाले, ‘काही नाही हो, बोटाएवढं कोनफळ आहे.’ आपलं थोर असलं की आपल्याकडे असंच लहान करून सांगतात. सगळ्यांना कळलं. सहा वर्षं जमिनीत असलेलं कोनफळ! पंधरा वर्षं पपांचा किताब तोच आहे, खालून चौथा. लहान पोरंसुद्धा त्यांच्या आधी साकाउची, मुळ्या कुटून काढलेल्या रसाची, वाटी घेतात. एवढ्या कोनफळाला सरदार या वेळी वरचा किताब नक्की देतील, असं मामा म्हणतो. नाहीतर साल्पादोरकाकाला जाईल. त्याचं कोनफळ गेल्या वर्षी आठ जणांनी वाशावर आणलं होतं.

पपांचं केवढं आहे मला माहीत नाही. दुसऱ्याच्या कोनफळाकडे बघायचं नसतं, बापाच्यासुद्धा. रानात ते कुठे लावलंय हेही मी कधी विचारलं नाही.

एवढंच माहीत आहे की ते माझ्या गाडीतून जायचंय. त्या चढावरून. मी म्हटलं, मामाची गाडी घेऊ. पपा म्हणाले, ‘घरात गाडी असताना दुसऱ्याची? शोभत नाही.’

२ नोव्हेंबर, गुरुवार
मर्लेनला फोन केला.
‘पंप आले!’
‘कुठे?’
‘गुआमला.’
‘इथे कधी?’
‘बोटीवर चढले की.’
‘कुठल्या बोटीवर?’
‘ते कंपनी सांगत नाही.’

९ नोव्हेंबर, गुरुवार
आज दोनदा बंद पडली. एकदा तर सपाटीवर!

दोमिंकोला सांगितलं, पंप विकत घे, येणाऱ्याच्या हाती पाठव. ३१० डॉलर. होडीच्या इंजिनासाठी ठेवलेले होते. पपांना सांगणार नाही, थांब म्हणाले होते. पण चढावर बंद पडून त्यांचा मान गेला, तर तो मी घालवला असं होईल. कंपनीने घालवला असं कोण म्हणेल?

१४ नोव्हेंबर, मंगळवार
पंप आला. कुणाच्या तरी मावशीच्या बर्फाच्या पेटीत, गोठलेल्या टर्कीच्या शेपट्यांच्या मधोमध. योसुओने वास घेतला आणि म्हणाला, ‘हा उकडायचा की बसवायचा?’

टाकी उतरवून जुना पंप काढला. आतलं पातं पेट्रोल पिऊन फुगलेलं, पंपाच्या आतल्या भिंतीला घासत होतं. खरंच कंपनीचा दोष. मी ते पातं रुमालात बांधून ठेवलं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
चढ पाच वेळा चढलो. एकदाही नाही! शाळेजवळची म्हातारी ओरडली, ‘आज डुकराला काय खायला घातलंस?’

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
पपांनी विचारलं, गाडी कशी आहे?
म्हटलं, आहे तशीच.
‘बरं,’ म्हणाले आणि जेवायला बसले. भात दोनदा घेतला. खोटं बोलल्याचं वाईट वाटतंय. पण उद्या वर पोचलो की सांगेन.

१८ नोव्हेंबर, शनिवार
आठवतं तसं लिहितो.

उजाडता उजाडता पपा म्हणाले, ‘गाडी मागच्या दाराला लाव आणि तू तोंड समुद्राकडे कर.’ लावली. केलं. आठ माणसं येतील म्हणून कान देऊन उभा होतो. कुणी आलं नाही. केळीच्या पानांची सळसळ आणि आईचं ‘हळू’, एवढंच. वळलो तर ताडपत्री बांधून झालेली. आई डुक्कर घेऊन मामाच्या गाडीने पुढे गेली.

मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जरासुद्धा दबले नव्हते. वाटलं, नव्या पंपामुळे गाडी हलकी चालतेय. पंपाने वजन कमी होत नाही हे मला माहीत आहे.

चढ लागला. पपांनी दाराची कडी धरली. अर्धा चढ झाला. मला हसू येत होतं.
‘इथेच बंद पडते ना?’ पपा म्हणाले.
‘पडायची! मी पंप बदलला पपा. मंगळवारी. तुम्ही नको म्हणाला होता, म्हणून—’
माथा आला. खाली मेजवानीच्या घराचा धूर दिसायला लागला. साकाउ कुटायचे दगड वाजत होते.
‘गाडी बंद पडली,’ पपा म्हणाले.
‘नाही पपा, चालू आहे, ऐका ना—’
‘रेन्सली. गाडी बंद पडली.’
मी किल्ली उलटी फिरवली.

मग पपा समोरच्या काचेला सांगितल्यासारखं म्हणाले, ‘कोनफळ ऑगस्टच्या पावसात कुजलं. बघायला म्हणून हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला.’
‘मग मागे काय आहे?’
‘केळीचा खांब.’

तेवढ्यात मागून साल्पादोरकाकाची गाडी आली. त्याच्याही गाडीवर ताडपत्री, चारी बाजूंनी बांधलेली. मी उडी मारून बॉनेट उघडलं.
‘पंप,’ मी म्हटलं. ‘कंपनीचाच दोष आहे काका. पत्र आलंय.’ यातलं काहीच खोटं नव्हतं.
काकाने इंजिनावर हात ठेवला. गुआमला नऊ वर्षं ट्रक चालवलाय त्याने. डोकं खाली घालून वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग पपांकडे.
‘हो,’ म्हणाला. ‘बंदच पडलीय.’
मग ताडपत्रीच्या गाठीकडे हात नेला. ‘माझ्या गाडीत घेऊ या का?’
‘तुझ्या गाडीत तुझं आहे,’ पपा म्हणाले.
‘ते आहेच म्हणा.’ हात मागे घेतला. दुसऱ्याच्या कोनफळाला कुणी हात लावत नाही.
‘माझं काय, बोटाएवढं,’ पपा म्हणाले.
‘माझं तर नखाएवढं.’
दोघं समुद्राकडे बघत होते.
‘इथेच बसा,’ काका म्हणाला. ‘हलू नका. मी बघतो.’ आणि उतारावरून गेला.

दिवसभर तिथेच बसलो. येणारा-जाणारा सकाळीच हळहळून पुढे गेला, मग रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भात आणि डब्यातली मासळी खाल्ली. अंधार पडल्यावर किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली. मला तिचा राग आला.

१९ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये सगळे माझा खांदा थोपटत होते. ‘तुझा काय दोष, बाबा.’ ‘या कंपन्या माणसं मारतील एक दिवस.’ पपांना पुढच्या बाकावर जागा करून दिली.

सरदारांनी यंदा वरचा किताब कुणालाच दिला नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
संध्याकाळी साल्पादोरकाका आला. बसला नाही. उभ्या उभ्या पपांना म्हणाला, ‘कुणी विचारलं तर लक्षात असू दे. शनिवारी वरच्या वळणावरून मी मागे फिरलो आणि तुमची गाडी दोर लावून कोलोनियापर्यंत ओढत नेली. त्यातच दिवस गेला. म्हणून माझंही पोचलं नाही.’

पपा काठीला टोक काढत होते. मान वर केली नाही.

‘फार उपकार झाले तुझे,’ म्हणाले. ‘मध्ये दोर तुटला होता ना?’

‘दोनदा,’ काका म्हणाला.