चौथा रकाना

सोमवार, ४ तारीख. दिवस ८१
पोचलो एकदाचा! खोली झकास आहे. दोन खाटा, मोठी खिडकी, नळाला सदा पाणी. काम इस्पितळांच्या चादरी धुवायच्या कारखान्यात, इस्त्रीच्या गरम रोलरवर. खोलीत सोबतीला कारखान्यातलाच एक वायरमन आहे, तोंडाचा फाटका पण मनाचा मोकळा. माझ्या मोबाइलवर सवयींचं ॲप बघून खो खो हसला. म्हणून त्याला खरं सांगून टाकलं. मी बायकोवर हात उचलायचो. ती माहेरी गेली. मेहुणा म्हणाला, शंभर दिवस कुणाच्याही अंगावर हात टाकू नकोस, मग बघू. रोज संध्याकाळी टिक करतो. एकोणीस उरले.

गुरुवार, ७ तारीख. दिवस ८४
मुकादमानं सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली. हात शिवशिवले, पण गिळला राग. टिक केली.
फोनची काच तडकलीय. वायरमन म्हणाला, अरे येड्या, फोन मेला की तुझे चौऱ्याऐंशी दिवसही मेले, फाईल काढून ठेव. त्यानंच काढून दिली आणि बायकोलाही पाठवायला लावली. वर म्हणे, लोक प्रेमपत्रं धाडतात, आमचा गडी तक्ता धाडतोय! तिचं उत्तर आलं. फाईल तिनं स्वतःच्या ॲपमध्ये भरून घेतलीय. तीन महिन्यांनी बोलली माझ्याशी.

शनिवार, ९ तारीख. दिवस ८६
मुकादमाचा जबडा मोडला. भर दुपारी, आतून कडी लावलेल्या मुतारीत. गालावर साडेचार बोटांचे वळ. माझं मधलं बोट करवतीत अर्धं गेलेलं आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण मी तेव्हा रोलरवर होतो, दहा जणांसमोर.

मंगळवार, १२ तारीख. दिवस ८९
आज वायरमननं फाईल उघडली. तारीख, सवय, टिक हे तीन रकाने माझे. चौथा कुठून आला? ॲपमध्ये तो दिसतच नाही. ७ तारखेसमोर लिहिलंय, मुकादम. मागे गेलो. दिवस ४०, ट्रकवाला. दिवस ६२, आधीच्या खोलीचा घरमालक. म्हणजे तो जिन्यावरून पडला नव्हता. ज्याला ज्याला मी मारायचं टाळलं, त्याला कुणीतरी मारलंय.
वायरमन म्हणाला, पुसून टाक सगळं. मी म्हटलं, शंभर होऊ देत. तो भडकला, मला नको नको ते बोलला. मी गप्प बसलो. हाताला सवय झालेली. टिक—

बुधवार, १३
वायरमन रोलरमध्ये गेला. दोन्ही हात, कोपरापर्यंत. मशीन बंद होतं, आपोआप फिरायला लागलं, बटणाजवळ कुणी नव्हतं. ओरडत होता, मानेवरचा हात काढा. त्याच्या पाठीमागे कुणीच नाही. कातडी चादरीला चिकटून पलीकडून बाहेर आली—
ॲप पुसलं. फोन चालू केला की जुनी फाईल आपोआप परत भरते.

शुक्रवार, १५
रोलरवरच्या नव्या माणसानं खिजवलं. मुद्दाम थोबाडीत मारली. चारचौघांत. टिक नाही. फाईल बघितली, चौथा रकाना कोरा. वाचला.
दिवस शून्य.
बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, पुन्हा हात उचललात, वर बहाणे. म्हटलं, ओरड, शिव्या घाल, वाट्टेल ते बोल, पण गप्प राहू नकोस. रडलो. ती शांतपणे म्हणाली, नाही, तुमची फाईल घेतली तेव्हापासून मीही राग गिळायची सवय लावून घेतलीय. आत्ताचाही गिळला.
टिक केलीस का, विचारलं.
हो म्हणाली.

दाराला आतून कडी आहे. खोलीत कुणी नाही, दोनदा बघितलं. पण केस मागून मुठीत धरलेत, मी तिचे धरायचो तसेच, आणि डोकं भिंतीकडे—