लांडग्याखालची रिकामी ओळ

माकुणसार, शुक्रवार

प्रिय दादू,

सरावलीच्या चौथ्या मजल्यावर तुझे गुडघे, सुजीत आणि सूनबाई सुखरूप असतील असं धरून चालतो. मी ठीक आहे, म्हणजे खोकला आहे, पण विचारणारं कोणी नाही, म्हणून ठीक. (फोन करत नाही. तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की शेजारी भांडण समजून खिडकीत येतात.)

तू मुलाकडे गेल्यापासून वाचनालयाचा फळा मी एकटाच लिहितो. आपली रीत तुला ठाऊकच आहे. पालघरच्या रद्दीतून आणलेल्या पुस्तकातली एक लॅटिन म्हण घ्यायची, मी शब्दाला शब्द ठेवून वर मराठी करायचं, आणि खाली तू आपल्या भाषेत तिचा अर्थ लिहायचास. सोमवारी मी वरची ओळ लिहिली. तिच्यात लांडगा होता. खालची ओळ काही केल्या सुचेना, म्हणून ती तशीच सोडून घरी आलो.

झालं! दुपारपर्यंत गावात एक शेळी बाहेर नाही. (बिबट्याचं लोकांना एवढं वाटत नाही रे, तो ओळखीचा, लांडगा नवीन.) पानवेलीची पानं खुडायला येणारी कमळी आलीच नाही, लांडगा गेल्याचं फळ्यावर लिहा, मग येते, असा निरोप. मी घरोघर जाऊन सांगितलं की हा लांडगा दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, तर लोक म्हणाले, मग तर फारच निबर असेल. शेवटी कमळी काठी घेऊन स्वतः फळ्यापाशी आली आणि वाचून मला म्हणाली, "तात्या, दादूकाका खाली लिवायचे तवा आमाला कळायचं. नुसतं तुमचं वाचून भ्या वाटतं."

राग आला, पण खरं सांगतो, घरी येऊन वाईटच वाटलं. संध्याकाळी अजूनही दोन कप चहा टाकतो आणि दोन्ही मीच पितो.

तुझा,
तात्या

ता. क. लांडगा पुसलेला नाही. अर्थ पोस्टाने धाडू नकोस. खडू इथे आहे, येऊन लिही.

आणखी ता. क. एक कबूल करतो. ते पुस्तक दोन वर्षांपूर्वीच संपलं. कळलं तर तू संध्याकाळचा यायचा थांबशील, म्हणून पुढची सगळी लॅटिन मीच घरी बसून रचली. लांडगाही माझाच. तू एकेकाचा अर्थ लावत गेलास. या लांडग्याचा अर्थ मलाही अजून ठाऊक नाही.