बारा मिनिटांची गाडी

आलापल्ली,
ता. ६ जानेवारी २०२५

७८६

ती. अब्बांस नईमचा सलाम, वि. वि.

मी पळून आलो हे तुमी गल्लीत अजून किती जणाईले सांगणार? दिवसाढवळ्या वरोऱ्याच्या स्टँडवरून एसटीत बसून, तिकीट काढून आलो. पळणारा माणूस अम्मीकडून टिफिन भरून घेते काय? माजरीले खाणीचे डंपर धुवायचं काम तुमी पाहून ठेवलं होतं, ते मले करायचं नव्हतं, एवढीच गोठ. पण मले लागलं ते दुसरंच. अंजुमनं लिहिलं का अब्बा म्हणतात, पोट्ट्यानं शाळा सातवीत सोडली आन माह्या दुकानातूनही काहीच न शिकता गेला. इथी रेंज नाई, आन असती तरी तुमाले फोनवर ऐकू आलं नसतं. म्हणून कागदावरच भांडतो.

आता खबर ऐका. मले विलायती गाडी भेटली! मी ज्याईच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करतो ते गुणवंतराव, जुने लाकडाचे ठेकेदार, त्याईची. वीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. १९६६ ची, दोन शिटाची, हिरवीगार, तारांच्या स्पोकची चाकं, एका इंजिनाले दोन कार्बोरेटर. इतकी ठेंगणी का दारातून हात काढला तर रस्त्यावरचा गोटा उचलता येते. आपले दहा-बाराचे पाने तिले लागतच नाईत, समदे नट इंचाचे. डिसेंबरात मी तिले चालू केली, तवा सत्तर पार केलेले गुणवंतराव शेडमध्ये दोन्ही हात वर करून नाचले!

पण खोड अशी, का चांगली पळता पळता एकाएकी मान टाकते. झटका नाई, धूर नाई. दिवा फुंकल्यासारखी बंद. अर्धा तास उभी ठेवली का जसं काही झालंच नाई अशी पुन्हा चालू.

त्याईच्या बायको भागीरथाबाई म्हणतात, ही सवत दारातून काढा. एकोणनव्वदले त्या या गाडीतून एका लग्नाले निघाल्या, एक्सल तुटला, बैलबंडीत बसून पोचल्या, तवापासून त्याईचा राग आहे. हैदराबादचा एक हॉटेलवाला १५ फेब्रुवारीले गाडी विकत घ्याले येऊन राह्यला, दारासमोर शोभेले ठेवतो म्हणते. गुणवंतरावांनी मले सांगतलं, गाडी आलापल्लीहून चंद्रपूरपर्यंत एकदाही बंद न पडता गेली तर विकणार नाई, आन रस्त्यावरची पुढची शेड तुह्या गॅरेजले. नाई गेली तर गाडी हैदराबादले आन मी तुमच्या डंपरावर. माहं समदं या एका गाडीवर आहे, अब्बा.

आन म्हणे काही शिकला नाई! प्लग साफ केले, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. इथी लोखंडी मातीच्या ट्रकांची लाल धूळ उडते, म्हणून पयल्याच दिवशी टाकीच्या झाकणात ट्यूबच्या रबराचा गोल वायसर कापून बसवला, तुमी बसवत होते तस्साच, घट्ट. हे कोणं शिकवलं? तुमीच ना?

बंद काऊन पडते ते सांगा. राग नंतर करा.

अम्मीले सलाम, अंजुमले डोक्यात एक टप्पू. माह्यावर जीव आहे तो तसाच ठेवा, दाखवू नका पाहिजे तर.

तुमचा
नईम

०००

वरोरा,
ता. १३ जानेवारी २०२५

चि. नईम यास अब्बांची दुवा. पत्र अंजुमच्या हातून लिहिलं आहे.

तुझं पत्र मिळालं. अब्बा सांगतात ते तसंच लिहिते. म्हणतात, तू मला विचारू नकोस. तीन वर्षं झाली, मी दुकानाची पाटी उतरवली. खाणीतल्या ट्रकांखाली तीस वर्षं घातली, त्यांनी माझे कान नेले. मिस्त्रीचं अर्धं डोकं कानात असतं. इंजिन काय बोलतं ते ऐकू येत नाही तो माणूस मिस्त्री नव्हे, नुसता हातात पाना धरलेला म्हातारा. तिथल्याच एखाद्या जाणत्याला विचार.

एवढं सांगून ते उठून गेले. मी पाकिटाला डिंक लावतच होते, तर परत आले आणि म्हणाले, थांब, आणखी लिही. पोट्टा गाडी कशी बंद पडली ते सांगतो, किती मिनिटांनी पडली ते सांगत नाही. भैताड आहे. त्याला म्हणावं घड्याळ घाल. निघाल्याची वेळ, पडल्याची वेळ, टाकीत पेट्रोल किती, दर खेपेला लिहून ठेव. आणि पडल्याबरोबर कार्बोरेटरची वाटी उघडून पाहा, पेट्रोल आहे की कोरडी. अंदाज मला नको, लिहिलेलं पाठव. कागद वाचायला कान लागत नाहीत.

आता माझं. पत्र आल्यापासून अब्बांनी पेपराच्या कडेला दोन-दोन कार्बोरेटर काढून ठेवले आहेत. शेजारचे पत्रूभाऊ कंडक्टर विचारायला आले की हे जुळे कोंबडे कशाला काढले, तर त्यांच्यावरच चिडले. अम्मी म्हणते, तीन वर्षांनी हा माणूस कोणावर तरी कामावरून चिडला. तर नईमभाऊ, तू लवकर लिही. टप्पू परत पाठवते आहे.

आमची आठवण जेवताना तरी काढत जा.

तुझी
अंजुम

०००

आलापल्ली,
ता. २२ जानेवारी २०२५

ती. अब्बांस सलाम, वि. वि.

तुमचं भैताड पोचलं, छातीले लावलं. गुणवंतरावांचं चावीचं घड्याळ मागून घेतलं आन चार-पाच दिवस हेच केलं. वाचा.

पयल्या दिवशी टाकी गळ्यापर्यंत भरून पेरमिलीच्या रस्त्यानं निघालो, बाराव्या मिनिटाले बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुल, पुन्हा बारा! मी तर घड्याळाकडेच पाहत राह्यलो. वाटी उघडली, दोन्ही कोरड्या, मांजरानं चाटल्यासारख्या. म्हणजे करंट बरोबर आहे, पेट्रोलच पोचत नाई. मंग पंप खोलला. पंप मांगं टाकीजवळ आहे आन विजेवर टिकटिक करते. टाकीकडून नळी सोडली, साफ केली, जोडली, चालू. मी खुश! परत येताना पुन्हा बंद. नळी नवी टाकली. बंद. पंपाचे पॉइंट घासले. बंद.

अर्धी टाकी होती त्या दिवशी पंचवीस मिनिटं गेली. आन परवा तर कमाल. पेट्रोल तळाले लागलं होतं, पुढं भरू म्हणून निघालो, तर आष्टीच्या रस्त्यावर पाऊण तास पळाली, बाप्पा काय पळाली! मोहाच्या झाडाईतून वारा कानात शिट्ट्या मारत होता. एक वानर रस्त्यात बसून होतं, ते उठून सलाम करते का काय असं वाटलं. मले वाटलं जिंकलो. आनंदात पंपावर जाऊन फुल टाकी केली, आन बाराव्या मिनिटाले बंद.

ही गाडी आहे का जादूटोणा? पोट भरलं का झोपते आन उपाशी असली का पळते! भागीरथाबाई म्हणतात, ठेकेदाराचीच गाडी, मालकासारखीच वागते. गुणवंतराव हासले, पण मांगून मले म्हणाले का हैदराबादवाला आता १० तारखेलेच येऊन राह्यला.

हातात अठरा दिवस आहेत, त्यातले चार-पाच तर डाकच खाईल. मी चारीकडून पायलं अब्बा, माहं डोस्कं चालत नाई. तुमी जाणत्याले विचार म्हणता. मी जाणत्यालेच विचारून राह्यलो.

तुमच्या रागातही मले जागा असू द्या.

तुमचा
नईम

०००

वरोरा
२७ जानेवारी

नईम,

या वेळी अंजुमले लिहू देल्लं नाई. ती हळू लिहिते आन मले घाई आहे. अक्षर वाचता येईल तेवढं वाच.

तुह्या आकड्याईनं समदं सांगतलं. भरली टाकी बारा, अर्धी पंचवीस, रिकामी पंचेचाळीसलेही चालूच. टाकीत पेट्रोलच्या वर हवा जेवढी जास्त, तेवढी गाडी जास्त चालते. पेट्रोल खाली जाते तेवढी हवा बाहेरून आत आली पाहिजे. तुह्या टाकीत येत नाई. पंप ओढते, टाकी सोडत नाई, मंग पंप बिचारा थकते. अर्ध्या तासात कुठूनतरी झिरपून हवा जाते, पुन्हा चालू. तू नळी सोडायचा तवाही हवा आत जायची, तुले वाटायचं आपण दुरुस्त केली.

हवा कोणं अडवली माहीत आहे? तुह्या वायसरानं. या जुन्या छोट्या गाड्याईच्या झाकणालेच बारीक भोक असते, तेच तिचं नाक. आपल्या कोळशाच्या ट्रकले हवेची नळी वेगळी असते, म्हणून माजरीले कोळशाची भुकटी आत जाऊ नये म्हणून आमी झाकणात घट्ट गोल वायसर बसवत होतो, त्यानं काही बिघडत नव्हतं. तुले बसवायचं शिकवलं. कुठी बसवायचं नाई ते शिकवलं नाई. चूक तुही नाई, माही आहे. तू शिकलाच नाई असं म्हणलो तेही चूक.

खातरी करून घे. टाकी फुल कर, वायसर ठेवूनच पळव. बंद पडली का कशाले हात लावू नको, झाकण हळू उघड आन कान लाव. हवा आत ओढल्याचा आवाज आला पाहिजे. तुले कान आहेत, तू ऐक.

मंग वायसर फेक.

शमीम मिस्त्री

०००

चंद्रपूर,
ता. ८ फेब्रुवारी २०२५

ती. अब्बांस हजार वेळा सलाम, वि. वि.

पयले हे सांगतो का मी चंद्रपुरातून लिहून राह्यलो! जटपुरा गेटजवळ आमी उभे आहोत, गाडीच्या चारीकडून पोट्ट्याईचा गराडा आहे आन गुणवंतराव बोनेटले टेकून सगळ्याईले सेल्फी काढू देऊन राह्यले.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी टाकी फुल केली. बाराव्या मिनिटाले बंद. उतरलो, झाकण फिरवलं, कान लावला. अब्बा, असा लंबा सूंऽऽ आवाज आला, जसा कोणी पाण्याखालून वर येऊन श्वास घेतला. बटण दाबलं, चालू! वायसर काढून असा भिरकावला का पळसाच्या झाडावर जाऊन बसला, तिथीच आहे अजून.

आज सकाळी निघालो. टाकी गळ्यापर्यंत. भागीरथाबाईनं गाडीच्या मांगं एक जीप पाठवली, म्हणे ओढून आणाले लागेलच. बारा मिनिटं झाली, गुणवंतरावांनी डोळे मिटून घेतले. तेरा झाली. चौदा झाली. वीस मिनिटाले त्याईनं एक डोळा उघडला. आष्टीले वैनगंगेच्या पुलावर मी सत्तरवर नेली, त्याईची टोपी उडून नदीत गेली, ते म्हणाले जाऊ दे. गोंडपिपरीले चहा प्यावा म्हणलो तर म्हणाले इंजिन बंद करशील तर याद राख, उभ्या-उभ्या चालू गाडीतच चहा प्यायलो, अर्धा माह्या पँटवर. गतिरोधकावर पोट घासते, ते एक पाहाले लागेल. पण बंद? एकदाही नाई! जीपवालाच गोंडपिपरीजवळ पंचर होऊन मांगं राह्यला.

चंद्रपुरात रेंज आली तसा गुणवंतरावांनी हैदराबादले फोन केला, येऊ नका म्हणून सांगतलं. पुढच्या शेडची चावी माह्या खिशात आहे, घडोघडी हात लावून पाहतो. रंग काढाले उद्यापासून लागतो. घरी यावं असं बहोत मनात आलं, वरोरा इथून तासाभराचं, पण या गाडीचे दिवे मेणबत्तीसारखे आहेत, उजेड आहे तोच आलापल्ली गाठली पाहिजे. हे पाकीट पत्रूभाऊच्या हाती देतो, त्याईची बस आता सुटून राह्यली. अम्मीले म्हणावं टिफिनचा डबा मी आणून देईन, गाडीत घालून. अंजुमले पयली सीट.

तुमी माह्यावर रागवाले विसरू नका, कामावरून रागवत जा, तेवढा लोभ बस्स आहे.

तुमचा
नईम

ता. क. गुणवंतरावांनी मजुरी काढून माह्या हातात ठेवली. मी म्हणलो दुरुस्ती मी केली नाई, हात माहे होते, खोड वरोऱ्याच्या शमीम मिस्त्रीनं घरी बसून, नुसते कागद वाचून काढली. ते म्हणाले, मंग ही तपासणीची फी त्या मिस्त्रीले पाठव, आन विचार पुढच्या महिन्यात माहा जुना ट्रॅक्टर कागदावर पाहतील काय. तवा पाकिटात ठेवलेले हे पैसे घरखर्चाचे नाईत, अम्मीले देऊ नका. ही तुमची मजुरी आहे, तीन वर्षांनंतरची पयली: रुपये दोन हजार पाचशे.