धरा, सोडा

सोमवार, ३ नोव्हेंबर
चाकणच्या हॉस्पिटलात आजपासून टेक्निशियन म्हणून रुजू! काळेवाडीहून येताना ट्रकांनी जीव नकोसा केला, पण हृदयाच्या सोनोग्राफीची खोली बघितली आणि सगळा शीण पळाला. नवंकोरं मशीन, गार एसी, आणि डॉक्टर सलिल सर अगदी साधा माणूस. लकवा मारलाय पण कारण सापडत नाही, असे पेशंट माझ्याकडे येणार. आईच्या पोटात असताना हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक छोटं दार असतं. जन्मल्यावर ते मिटतं, काहींचं मिटतच नाही, आणि मग त्यातून रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकते. ते आम्ही शोधायचं. घुसळून फेसाळलेलं सलाइन शिरेत सोडायचं. मी ‘धरा!’ म्हटलं की पेशंटनं श्वास कोंडून कुंथायचं, ‘सोडा!’ म्हटलं की सोडायचं. दार उघडं असेल तर पडद्यावर पांढरे बुडबुडे पलीकडे पळतात. मला तर बाई बघायला मजाच येते.

गुरुवार, ६
निघोज्याचे यशवंतराव आले होते, सोबत त्यांच्या मंडळी सोजरबाई. आधीच्या पेशंटला मी ‘धरा’ म्हटलेलं ऐकून बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, पोरी, धरा म्हनू नगंस, आमच्याकडं धरलं म्हंजी भुतानं धरलं, ऐकनारं ऐकतंय. मी हसले. मग काय ‘कृपया श्वास रोखावा’ म्हणू? ‘धरा!’ म्हटलंच. यशवंतरावांनी श्वास धरला आणि नेमकी जेलची बाटली पडली. ती उचलण्याच्या नादात ‘सोडा’ म्हणायचं राहूनच गेलं. वर बघते तर माणूस काळानिळा! सर ओरडले, सोजरबाई ओरडल्या, काही नाही. मी ‘सोडा!’ म्हणून किंचाळले तेव्हा कुठे सुटला. मी सोडत व्हतो, म्हणाले, पर आतून कुनीतरी धरलं व्हतं. घाबरलेला माणूस काहीही बोलतो.

सोमवार, १०
आज मुद्दाम ‘रोखा’ म्हणत होते. सगळं सुरळीत. मग एकदा सवयीनं ‘धरा’ निघून गेलं.
सरांना म्हटलं, सोडा तुम्ही म्हणा. ते म्हणाले. पेशंट ढिम्म. मी म्हटल्यावरच सुटला. आणि तोवर बुडबुडे पडद्यावर जागच्या जागी उभे होते. वाहत्या रक्तात उभे कसे राहतील? मला भीती वाटतेय, खूप.

मंगळवार, ११
नोकरी सोडते म्हणाले. सरांनी थट्टेवारी नेलं. म्हणे, तुझी अर्धशिशी आहेच, अशांचंही दार कधीकधी उघडं निघतं, उद्या तूच झोप टेबलावर, तुझंही दार बघू आणि भूतही. मी हो म्हटलं. का म्हटलं?

बुधवार, १२
टेबलावर. सुई डाव्या हातात, वही उजव्याखाली. घडेल तसं लिहीन, म्हणजे वेड्यात काढणार नाहीत. तोंड उघडायचं नाही, ठरवलंय.

श्वास भरला. बुडबुडे आले — आणि मेली जिभेची सवय, मीच म्हणून बसले, धरा.

धरलं.

सर ओरडताहेत सोड, सोड — त्यांचं ते ऐकत नाही. माझंच ऐकतं.

बोलायला श्वास लागतो. श्वास तर त्यानं —

बुडबुडे उभे. दारात.

सर छाती दाबताहेत. डोळ्यांपुढे काळं —

वाचता येत असेल तर वाच रे बाबा, पाया पडते, सो